वारा पडेपर्यंत

मी कतारमध्ये गवत पिकवतो असं गावी कळलं तेव्हा माझा चुलतभाऊ फोनवर इतका हसला की त्याला ठसका लागला. "आपल्या सड्यावर फुकट उगवतंय, त्याला कापायला मानूस मिळत नाय, आनि तू वाळवंटात जाऊन गवत लावतंस होय?" म्हणाला. मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. राग आधी आणि उत्तर दोन दिवसांनी, ही माझी जुनी खोड आहे.

गवत साधं नव्हतं, एवढं मात्र खरं. वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहत होती आणि त्यांच्या मैदानांसाठी दोह्याजवळ उम्म सलाल मोहम्मद गावाच्या बाहेर आमच्या कंपनीचं शेत होतं. वाळूवर वाफे करून गवत वाढवायचं, मग चटईसारखं गुंडाळून थंड ट्रकमधून पाठवून द्यायचं. त्याला दिवसातून चार वेळा पाणी, मोजून खत, आणि जरा पिवळं पडलं की गोऱ्या साहेबाचा चेहरा त्याहून पिवळा. माझी पोरं तापाने फणफणली तेव्हा मी त्यांची एवढी काळजी घेतली नसेल. मी तिथला सुपरवायझर होतो आणि पंप सांभाळायला गजेंद्र होता. आम्ही दोघं एकाच गावचे, रत्नागिरीकडचे. एका शाळेत, एका बाकावर बसलेले.

जून २०२१ मध्ये गजेंद्रने राजीनामा दिला. बहुतेक स्टेडियमांचं गवत लागून झालं होतं. त्याला आता गावी जाऊन वडिलांच्या जागेत हापूसची कलमं लावायची होती. पंधरा दिवसांनी त्याचं विमान होतं, फायनल एक्झिट, म्हणजे पुन्हा न येण्यासाठी. आणि तो जाण्याआधी मला त्याला एक गोष्ट सांगायची होती, जी मी तीस वर्षं पोटात ठेवली होती. त्या जागेत पूर्वी त्याच्या वडिलांची बाग होती, आणि ती बाग मी जाळली होती.

हे फक्त जैतूनला, माझ्या बायकोला ठाऊक होतं. दोह्यातल्या मुऐदर भागातल्या आमच्या घरात त्या दिवसांत रोज संध्याकाळी हाच विषय असायचा.

"आज सांगितलंत?" ती विचारायची.

"नाय. पंप बिघडला हुता."

"पंप काल बिघडला हुता."

"जैतून, तो माज्याशी बोलनं टाकील. कतारात मना दुसरा हाय कोन?"

"आनि न सांगता गेला तर? तो तितं खड्डे खोदनार, आनि तुमी हितं बसून झुरनार." मग जरा थांबून म्हणायची, "सांगितलंत तर तुमचा भार उतरंल. त्याच्या डोक्यावर किती चढंल, ते पन बगा." अशी ही बाई. दोन्हीकडून बोलायची आणि मला मध्ये ठेवायची.

आता सड्याबद्दल सांगायला हवं. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं मैलभर सपाट, काळपट कातळ, आणि त्याच्या फटीफटींत, मातीच्या पट्ट्यापट्ट्यांत कमरेएवढं गवत. पावसाळ्यात तो इतका हिरवा आणि फुलांचा असायचा की आम्ही पोरं गुरांना विसरून लोळायचो. दिवाळी सरली की गवत पिवळं पडायचं, आणि माघात त्यावरून वारा गेला की सुक्या गवताचा जो आवाज व्हायचा तो मला अजून ऐकू येतो. इथे दोह्यात एसीच्या घरघरीतसुद्धा कधीकधी येतो. त्या दिवसांत सडा एका ठिणगीची वाट बघत असायचा. कुणी विडी टाकली, कुणी नवं गवत चांगलं यावं म्हणून पेटवून दिलं, की वणवा. मग गावात हाक जायची, "सड्यावर आग!" आणि प्रत्येक घरातून एक माणूस धावायचा. हिंदू वाडी नाही, मोहल्ला नाही. ऐनाच्या हिरव्या डहाळ्या मोडायच्या आणि आगीच्या तोंडावर झोडपायच्या. बायका कळशा घेऊन वर चढायच्या. आग विझली की सगळे काळ्या तोंडांनी तळ्याकाठी बसून एकमेकांना हसायचे. मला वाटतं, आमच्या गावात सगळे एकत्र तेवढ्याच वेळी बसायचे.

वणवा यायच्या आधी आम्ही आपल्या बागेच्या कडेने गवताचा पट्टा आपणच जाळून ठेवायचो, म्हणजे मागून आग आली तरी तिला खायला काही उरू नये. त्याची एक रीत होती. काडी कधीच एकट्याने लावायची नाही. एक काडी लावणारा, एक वारा बघणारा. आमच्याकडे सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारपासून समुद्राकडून खारा वारा येतो. वारा पडलेला असेल तेव्हाच पट्टा जाळायचा, भल्या सकाळी नाहीतर सूर्य खाली जाताना. वारा बघणारा चिमूटभर सुकं गवत हातात चुरायचा आणि सोडून द्यायचा. चुरा सरळ पायाशी पडला, तरच तो म्हणायचा, "लाव." तोपर्यंत कातळावर बसून राहायचं. कधी तासभर. माझे वडील आणि गजेंद्रचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, हे दोघं वर्षानुवर्षं एकमेकांचा वारा बघायचे. आमची काजूची बाग सड्याच्या समुद्राकडच्या बाजूला, त्यांची आंब्याची वरच्या बाजूला. मध्ये गवत.

एक्क्याण्णव साली माझे वडील आजारी पडले आणि पट्टा जाळायचं काम माझ्यावर आलं. मी अठरा वर्षांचा होतो, म्हणजे मला सगळं येत होतं. वडील म्हणाले, अण्णांना बोलाव. मी नाही बोलावलं. उशिरा उठलो, आणि तो शुक्रवार होता, जुम्म्याच्या नमाजेला पोचायचं होतं. अकराच्या सुमाराला एकट्यानेच काडी लावली. मतलई वाहत होता, आग समुद्राकडे, आमच्या बागेच्या साफ केलेल्या कडेकडे तोंड करून गपगुमान जळत होती. विझत आल्यासारखी दिसली तसा मी घरी येऊन आंघोळ करून मशिदीत गेलो. सजद्यात होतो तेव्हा बाहेरून हाक आली, "सड्यावर आग!" कपाळ चटईवर टेकलेलं आणि मला समजलं, वारा फिरला. तेवढ्या वेळात मी अल्लाकडे काय मागितलं ते मी कुणालाच सांगणार नाही.

अण्णांची चाळीस कलमं मोहरात होती. सगळी गेली. लोक म्हणाले, कुणा वाटसराची विडी असेल. मी काही बोललो नाही. अण्णांनी पुन्हा बाग लावली नाही, आणि गजेंद्र कॉलेज सोडून रत्नागिरीत मोटरवायंडिंग शिकायला लागला. पुढे मी कतारला आलो, आणि बस्तान बसल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याच्यासाठी व्हिसा काढला. तेव्हापासून अठरा वर्षं जैतूनच्या हातचा डबा दोघांना पुरेल एवढा भरलेला असायचा. सुरमईचा मोठा तुकडा त्याचा. घरात याचं कारण कुणी विचारलं नाही, फक्त माझी मुलगी नफिसा एकदा म्हणाली, "बाबा, व्हाय डू यू ऑलवेज गिव्ह अंकल द बेस्ट पीस?" मी तिला अभ्यास कर म्हणून ओरडलो.

त्याच्या जाण्याला आठ दिवस उरले होते त्या दुपारी शमाल सुटला. हा इकडचा वायव्येकडून येणारा उन्हाळी वारा. भट्टीचं दार उघडल्यासारखा लागतो आणि डोळ्यांत वाळू भरतो. उन्हाच्या कामबंदीची वेळ होती, कामगार थंड केबिनमध्ये आडवे झाले होते. मी आणि गजेंद्र पंपाच्या शेडमध्ये डबा खात होतो. कुंपणाशी कापलेल्या गवताचा मोठा ढीग होता, तो उचला म्हणून मी दोन आठवडे ट्रकवाल्याच्या मागे लागलो होतो. असा ढीग आतून तापतो. मला वास आधी आला. सुक्या गवताच्या धुराचा वास. एका क्षणात मी अठरा वर्षांचा झालो.

"गजा," मी म्हणालो, "सड्यावर आग."

हे माझ्या तोंडून का गेलं ते मला ठाऊक नाही. आणि तोही वेड्यासारखा, कुठला सडा म्हणून न विचारता उठून धावला.

ढीग पेटला होता आणि त्याच्या पलीकडे सांडपाण्यावर वाढून सुकलेलं बोरूचं बन धडधडायला लागलं होतं. त्याच्या पुढे एक कच्चा रस्ता, आणि रस्त्यालगत कापणीला आलेले वाफे. मी फोन करून अग्निशमनला पत्ता सांगितला. कामगार आरडाओरडा करत बाहेर आले. गजेंद्रने खजुरीच्या हिरव्या झावळ्या कोयत्याने सपासप तोडल्या, एकेकाच्या हातात दिल्या. नेपाळी, बंगाली, केनियाचे, सगळे बघत राहिले, मग आम्ही दोघं झोडपायला लागलो तसे तेही झोडपायला लागले. मास्क कानाला लोंबत होते. मला त्या आगीत, खरं सांगतो, फार बरं वाटलं. तीस वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

पण बोरू जवळ जवळ येत होतं. गजेंद्र रस्त्याच्या कडेला वाकला. तिथेही सुकं गवत होतं. त्याच्या हातात लायटर. तो समोरून उलटी आग लावणार होता, आमच्याकडची जुनी युक्ती, दोन आगी समोरासमोर आल्या की मध्ये खायला काही राहत नाही. माझा हात आपोआप खाली गेला, गवत चुरलं, सोडलं. चुरा त्याच्या पाठीमागे वाफ्यांकडे उडाला.

"नको!" मी ओरडलो. "गजा, वारा बग!"

त्याने वर बघितलं. लायटर हातातून पडला आणि तो तिथेच वाळूत बसला, एवढी आग जवळ असताना. मी त्याला बखोटीला धरून ओढत मागे आणलं. तेवढ्यात बंब आले. दहा मिनिटांत सगळं खलास. वाफ्यांची एक कड करपली, बाकी गवत वाचलं.

नंतर आम्ही केबिनमध्ये बसलो. कुणीतरी कडक चहा आणून ठेवला होता. गजेंद्र आपल्या हातांकडे बघत होता. मला वाटलं, त्याला कळलं. माझ्या त्या ओरडण्यावरून त्याने ओळखलं. आता लपवून काय उपयोग होता?

"गजा, अण्णांची बाग मी जाळली," मी म्हणालो. आणि मग थांबताच येईना. उशिरा उठणं, एकट्याने काडी लावणं, नमाज, सगळं सांगितलं. रडलो असेन, आठवत नाही.

त्याने हातांवरून नजर वर केली.

"तुजी आग तळ्याच्या कातळावर विझली हुती, शफ्या," तो म्हणाला.

"काय?"

"तुज्या जळक्यात आनि आमच्या जळक्यात धा पावलं गवत हुतं. पिवळं. न जळलेलं. तू कदी बगायला आलाच नायस."

नव्हतोच गेलो. त्या जागेकडे मी पुन्हा कधी नजर वर करून बघितलं नव्हतं.

"अण्णा बाजारात गेले हुते," तो म्हणाला. "मना तुज्या पट्ट्याचा धूर दिसला. वाटलं, वनवा आला. मी बागेच्या कडंनं समोरून काडी लावली. एकट्यानं. वारा फिरला हुता, मना कळलाच नाय. सगळी आग आत शिरली." त्याने चहाचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "अण्णांनी ती धा पावलं बगितली. त्यांना कळलं, आग भायरून आली नाय. पन बोलले नायत. बारा वरसं. मी हिकडं यायला निघालो तवा ते स्टेशनावर आले हुते. गाडी हलली तसं खिडकीशी येऊन बोलले, 'गजा, एकट्यानं काडी लावू नको.' बस. एवडंच. माज्या दुसऱ्या सुट्टीच्या आदी वारले."

माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं आणि त्याच दमात डोक्यात राग चढला. सांगितलं ना, राग आधी.

"हरामखोरा," मी म्हणालो, "अठरा वरसं मी तुज्या ताटात सुरमई वाढतंय!"

तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही.

"म्हंजे ती सुरमई त्याच्यासाटी हुती?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली.

"आनि व्हिसा?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण तीस वर्षांनी एकदा खरं बोलल्यावर लगेच खोटं जिभेवर येईना. "तो पन," मी म्हणालो.

त्याने मास्क नीट कानाला लावला आणि बाहेर गेला. मना वाटलं हुतं दोस्तीत दिलास, असं काहीतरी तो दारात पुटपुटला.

पुढचे आठ दिवस आम्ही फक्त पंपांबद्दल बोललो. दुपारी तो कामगारांच्या मेसमध्ये जेवायचा. जैतूनचा डबा मी अर्धा परत न्यायचो. ती झाकण उघडून बघायची आणि बंद करायची, बोलायची नाही, आणि तिचं न बोलणं म्हणजे काय हे ज्याने संसार केलाय त्याला कळेल. ज्या भीतीने मी तीस वर्षं तोंडाला कुलूप लावलं होतं तेच झालं होतं, तेही मी निर्दोष ठरल्यावर. याच्यावर हसावं की रडावं ते कळेना.

विमानतळावर मात्र मीच सोडणार होतो. टॅक्सी करतो म्हणाला, मी म्हणालो, गप बस गाडीत. उम्म सलालपासून अर्धा रस्ता तो खिडकीबाहेर बघत होता. रस्त्याच्या कडेला वर्ल्ड कपच्या नव्या पाट्या, नवे पूल, चकचकीत. आम्ही आलो तेव्हा यातलं काही नव्हतं. एका सिग्नलला थांबलो तेव्हा मी समोर बघूनच म्हणालो,

"पयली दोन वरसं त्याच्यासाटी."

"काय?"

"सुरमई. पयली दोन, फार तर तीन वरसं पाप म्हनून. मंग तुजी सवय लागली. तू नसलास की मना जेवन जात नाय, हे काय पाप हाय? ह्या आठ दिवसांत मी किती वाळलो बग."

त्याने माझ्या पोटाकडे बघितलं. पोट स्टिअरिंगला टेकत होतं.

"लय वाळलास," तो म्हणाला.

मग आम्ही हसलो. मागून हॉर्न वाजायला लागले तरी हसत होतो. विमानतळावर त्याने मला मिठी मारली, त्या करोनाच्या दिवसांत, पोलिसासमोर. "यल्ला, चल," म्हणाला आणि ट्रॉली ढकलत गेला. वळून बघितलं नाही. मीही थांबलो नाही, कारण घरी जाईपर्यंत मला रस्ता नीट दिसायला हवा होता.

त्याने पावसाळ्यात साठ कलमं लावली. प्रत्येकाचा फोटो पाठवला. सगळी सारखीच दिसायची, पण मी प्रत्येकाला उत्तर द्यायचो.

मग फेब्रुवारी आला. शुक्रवार होता. जुम्म्याहून येऊन, जेवून मी जरा पाय लांब केले होते. दोह्यात साडेतीन, म्हणजे गावात सहा. फोन वाजला, व्हिडिओ कॉल. आधी नुसतं आकाश दिसलं, मग गजेंद्रची हनुवटी, मग त्याने फोन फिरवला आणि माझ्या मुऐदरच्या खोलीत सडा आला. पिवळा, कमरेएवढा, उतरत्या उन्हात. मागे ती साठ कलमं, गुडघ्याएवढी. आणि तो आवाज. सुक्या गवताचा.

"पट्टा जाळायचा हाय," तो म्हणाला.

"संगट कोन हाय?"

"कोन नाय. गावात मानूस हाय कुटं? सगळी पोरं मुंबैला नायतर तुज्याकडं." त्याने फोन कातळावर दगडाला टेकवून उभा केला, मग समोर येऊन बसला. हातात काड्याची पेटी. केस पिकलेले, वेगळेच दिसत होते, गावात कलप लावत नसेल. "म्हनून तुला फोन लावला. तू वारा बग."

मी उठून बसलो. जैतून दारात येऊन उभी राहिली.

त्याने चिमूटभर गवत हातात चुरलं, हात फोनसमोर धरला आणि सोडलं. मी फोन डोळ्यांशी नेला. चुरा जरासा डावीकडे गेला. बागेकडे. फार नाही, पण गेला.

"लावू?" त्याने विचारलं.

"थांब," मी म्हणालो. "अजून पडला नाय."

तो थांबला. पेटी बाजूला ठेवून कातळावर पाय पसरून बसला, आणि मी पलंगावर. त्याने पुन्हा गवत चुरलं. पुन्हा थांब म्हणालो. अडीच हजार किलोमीटरवरून आम्ही दोघं वारा पडायची वाट बघत बसलो होतो, आमचे बाप बसायचे तसे, आणि मला कसलीही घाई नव्हती.